विष एक, शरीरं अनेक

नागाचा दंश माणसाला मारतो, कुत्र्यालाही मारतो. मुंगूस मात्र बहुधा तगून जातं. लोकसमजुतीनं याचं श्रेय कुठल्याशा मुळीला दिलं, पण खरं उत्तर त्याच्या स्नायूंत आहे. नागाच्या विषातला एक घटक स्नायूंवरच्या ॲसिटिलकोलीन-ग्राहकाला चिकटतो. मज्जातंतूंचा निरोप अडतो, श्वासाचे स्नायू लुळे पडतात. मुंगसात या ग्राहकाची घडण किंचित वेगळी असल्यानं विषाची पकड बसत नाही. म्हणजे जहालपणा एकट्या विषाचा नसतो, तो विष आणि शरीर यांच्या जोडीचा असतो. सिडनीच्या फनेल-वेब कोळ्याचं विष माणसाच्या जिवावर उठतं, कुत्र्या-मांजरांना मात्र सहसा फारसं बाधत नाही, ते याच कारणानं.

मुंगूस चपळाईमुळे वाचतं, असा आक्षेप येईल. चपळाई खरीच, पण प्रयोगशाळेत वेगळ्या काढलेल्या त्याच्या ग्राहकालाही सर्पविष नीट चिकटत नाही, आणि तिथे चपळाईला वाव नसतो. दुसरा आक्षेप घोड्याचा: त्याच्या रक्तापासून प्रतिविष बनतं, मग तोही जन्मजात सुरक्षित का मानू नये? कारण त्याची प्रतिपिंडं थोड्या-थोड्या मात्रा टोचून घडवलेली असतात. मुंगसाचं कवच वारशानं आलेलं. हे कवचही सर्वांगीण नाही: घोणस रक्त गोठण्याच्या क्रियेवरच घाला घालते, तिथे बदललेला स्नायू-ग्राहक निरुपयोगी. म्हणून एका प्राण्याला काही झालं नाही, यावरून दुसऱ्याच्या सुरक्षिततेचा अंदाज बांधू नये. दंश झालेल्या माणसाला थेट रुग्णालयात आणि कुत्र्याला पशुवैद्याकडे न्यावं, हेच शहाणपण.