वाईचा विश्वकोश, हार्बर लोकलमध्ये

सानपाडकरांनो, लोकलमध्ये रील्स बघून झाल्या की मोबाइलवर मराठी विश्वकोश उघडा. पूर्ण मोफत आहे! तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखाली वाईत आकाराला आलेल्या या कोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला, विसावा २०१५ साली. एवढे जाडजूड खंड ठेवायला आपल्या घरांत जागा कुठली? पण पाम बीच रोडवरून खाडी बघताना मुलानं भरती-ओहोटीबद्दल विचारलं, तर नोंद तिथंच उभ्या उभ्या वाचून दाखवता येते. शिवाय आता विषयवार ज्ञानमंडळांमार्फत नव्या नोंदीही येतात.

मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी शब्दकोशही (दुसरी आवृत्ती १८५७) शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतो. जुनं मराठी वाचताना अडलात तर हाच गाठा. शाळकरी मुलांसाठी बालभारतीची पुस्तकं पीडीएफमध्ये आहेतच.

एक गोष्ट मात्र हरवते. छापील खंडात हवी ती नोंद शोधताना शेजारच्या दोन नोंदी आपसूक वाचल्या जायच्या. शोधपेटी नेमकं मागितलेलंच देते. म्हणून मुलांना उत्तरापुरत्या दोन ओळींवर सोडू नका, अख्खी नोंद वाचायला लावा आणि त्यातल्या एखाद्या अनोळखी शब्दाची नोंदही उघडायला सांगा.