जुनी कॉर्व्हेट आणि एक केबल

अमेरिकेतील शेव्हरोले कंपनीची कॉर्व्हेट ही नावाजलेली स्पोर्ट्स कार. तिच्या १९८४ च्या मॉडेलमध्ये ‘७००आर४’ हा चार गतींचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स येत असे. चाळिशी उलटलेली अशी गाडी चढावर नुसतीच ओरडू लागली, वेग घेईना, की मालक थेट गिअरबॉक्स उघडायला निघतो. एवढी घाई करू नये.

आधी ऑईल पाहावे. गाडी सपाट जागेवर, गिअर ‘पार्क’मध्ये, इंजिन गरम आणि चालू; मगच डिपस्टिक काढायची. (इंजिनाचे ऑईल आपण इंजिन बंद करून पाहतो, इथे उलटे!) लाल ऑईल चांगले. तपकिरी रंग आणि जळका वास असेल, तर आतल्या क्लच प्लेटा जळू लागल्या असे समजावे.

मग टीव्ही केबल. दूरदर्शनशी तिचा संबंध नाही. टीव्ही म्हणजे थ्रॉटल व्हॉल्व्ह. अ‍ॅक्सिलरेटर जितका दाबाल तितकी ही केबल ओढली जाते व गिअरबॉक्समधील ऑईलचा दाब वाढतो. त्याच दाबाने प्लेटा घट्ट धरल्या जातात. केबल सैल असेल तर गिअर फार लवकर बदलतात, प्लेटा घसरतात आणि चांगला गिअरबॉक्स थोड्याच प्रवासात जळून जातो. फार ताणलेली असेल तर गिअर उशिरा आणि धक्का देऊन बदलतात.

दुरुस्ती मात्र काही मिनिटांची. इंजिन बंद करून केबलवरील बटण दाबावे, सरकती पट्टी थ्रॉटलपासून दूर, मागे न्यावी, बटण सोडावे आणि थ्रॉटल पूर्ण उघडावा. केबल आपोआप योग्य जागी बसते. ती तुटलेलीच असेल तर गाडी जवळच्या गॅरेजपर्यंतही चालवू नये, टोचन करून न्यावी.