पोवळ्याची भिंत

लाखांदूरच्या सोनाराकडचे लाल पोवळे दगड वाटते. पण तो एका सागरी जीवाचा सांगाडा आहे. त्याचेच भाईबंद समुद्रात प्रवाळखडक बांधतात. हे इवले जीव पाण्यातला चुना घेऊन अंगाखाली घर करतात. एका पिढीच्या घरावर दुसरी पिढी घर बांधते. अशी हजारो वर्षे लोटली म्हणजे भिंत उभी राहते. मालवणजवळ आणि विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, आंग्रिया बँकेवर, प्रवाळे आहेत. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हाच्या बळावर अन्न करून यजमानालाही देते. पाणी फार तापले की हे शेवाळ निघून जाते. प्रवाळ पांढरे पडते. ताप टिकला तर उपाशी मरते आणि मासळीचा आसराही जातो. एक बांध फुटला की बांधीचे सारे पाणी जाते, हे धान लावणाऱ्यांना काय सांगावे?