ढेकणाला लागते बुरशी

प्रवासाहून आल्यावर बॅगा बाथटबात उघडणारे आपल्यात कमी नाहीत. ढेकूण! पायरेथ्रॉइड गटातल्या फवाऱ्यांना ते आताशा जुमानत नाहीत. आमिष ठेवावं, तर हा प्राणी रक्ताशिवाय कशाला तोंड लावत नाही.

बुरशीला मात्र त्याच्या तोंडाची गरजच नसते. बीजाणू पायांना चिकटतात, रुजतात, वितंचकांनी कातडीचं कवच भेदून आत शिरतात. पेन स्टेट विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०१२ मध्ये बिव्हेरिया बॅसियाना ही बुरशी वापरली (आपल्याकडच्या शेतकऱ्यांना ती नवी नाही). फवारलेल्या पृष्ठभागावर तासभर राहिलेले ढेकूण पाच दिवसांत मेले. शिवाय त्यांनी बीजाणू फटीतल्या भाऊबंदांनाही पोचवले! अशा तेलातल्या बीजाणूंचं उत्पादन आता अमेरिकेत विकलं जातं.

मग मेलेल्या ढेकणावर दिसेल ती बुरशी उचलायची का? नाही. पुष्कळ बुरश्या नुसत्या मढ्यावर वाढतात. आधी कीटक बाहेरून निर्जंतुक करायचा, आतली बुरशी वाढवायची, डीएनएवरून ओळख पटवायची, निरोगी ढेकणाला लावायची. तो मेला की त्याच्यातून तीच परत मिळायला हवी. बुरशीमुळे रेशमाचे किडे मरतात हे आगोस्तिनो बास्सीने १८३५ मध्ये दाखवलं; बॅसियाना हे नाव त्याचंच.

ढेकूणही गप्प बसत नाही. त्याच्या त्या घाणेरड्या वासातली अल्डिहाइडं मेटारायझियम या दुसऱ्या बुरशीची वाढ रोखतात.