घोडा थांबवणारे हात

घोडा पळतो तो स्वतःच्या स्वभावाने. गाडीला जुंपलेला घोडा भर रस्त्यात, मागून ट्रकचा हॉर्न वाजत असताना, एका शब्दावर उभा राहतो तो मात्र माणसाच्या मेहनतीने. ही मेहनत कशी घेतली जाते ते जवळून बघायचं असेल तर रविवारी उजाडता उजाडता पडेगावला यावं.

छत्रपती संभाजीनगरातून नगर नाक्यावरून दौलताबादकडे निघालं की छावणी मागे पडते आणि पडेगाव लागतं. रस्त्यावर वेरूळच्या बस, मालट्रक आणि रिक्षा यांची वर्दळ असते. आत वळलेल्या एका वाटेवर पत्र्याची पागा आहे. तिथे लग्नात बग्गी लावणारे दोघे-तिघे, हौसेनं टांगा ठेवलेला एक शेतकरी, वाळूजच्या कारखान्यात पाळी करणारा एक तरुण आणि शिकायला येणारी पोरं जमतात. फलक नाही, पावतीपुस्तक नाही, पण काम एखाद्या मंडळासारखंच चालतं. साज एकमेकांना उसना मिळतो, नालबंद सगळ्यांसाठी एकदम बोलावला जातो, नवा घोडा आणला की त्याला शिकवायला चार हात लागतात. पागेच्या वयस्कर मालकांना सगळे मामू म्हणतात. शिकवण्याचा शेवटचा शब्द त्यांचा.

या रस्त्याला घोडा नवा नाही. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी, म्हणजे आजचं हेच शहर, वसवली ती घोडदळाच्या जोरावर दख्खन राखण्याच्या काळात. पुढे छावणीत हैदराबाद कंटिंजंटचे रिसाले राहिले. जून १८५७ मध्ये त्यातल्याच पहिल्या रिसाल्याने इथे बंड केलं. शहराला रेल्वे मिळाली ती १९०० च्या आसपास. त्याआधी मुंबईहून येणारा प्रवासी नांदगाव स्टेशनवर उतरायचा आणि पुढची मजल टपालाच्या टांग्याने मारायचा. ठरलेल्या टप्प्यांवर घोडे बदलले जायचे. एका घोड्याकडून किती अंतर, किती वजन आणि किती वेगाने ओढून घ्यायचं, हा हिशोब तेव्हाच्या टांगेवाल्याला पाठ असावा लागे. पडेगावातली सकाळ सुरू होते ती त्याच हिशोबाने.

पहिला अर्धा तास गाडीचं नावही निघत नाही. प्रत्येक घोड्याचा प्रत्येक पाय उचलून बघितला जातो. खुराच्या तळाशी मधोमध एक मऊ त्रिकोणी भाग असतो. त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत खडे आणि शेण अडकतं, ते आकड्याने काढतात. मग खुराच्या बाहेरच्या भिंतीवर तळहात टेकवतात. चारातला एक खूर बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्या दिवशी तो घोडा जुंपायचा नाही, मग लग्नाची सुपारी घेतलेली का असेना. खूर महिन्याला साधारण आठ-दहा मिलिमीटर वाढतो, म्हणून चार ते सहा आठवड्यांनी नाल काढून, खूर तासून, पुन्हा ठोकावे लागतात. खिळा खुराच्या ज्या बाहेरच्या भिंतीतून जातो तिला संवेदना नसते, पण आत थोडंसं सरकलं की जिवंत भाग लागतो. चांगला नालबंद हातोडीच्या आवाजावरून खिळा कुठे चाललाय ते ओळखतो. डांबरावर लोखंड घसरतं आणि प्रत्येक टापेचा हादरा सांध्यांत जातो. त्यासाठी जुन्या टायरचं रबर कापून नालाखाली बसवायची युक्ती अनेक ठिकाणी वापरतात.

मग खरारा. अंग स्वच्छ दिसावं एवढाच त्याचा हेतू नसतो. जिथे तंग बसणार, जिथे छातीवरचा पट्टा घासणार, तिथली कातडी बोटांनी चाचपली जाते. तिथे वाळूचा एक कण राहिला तरी दहा किलोमीटरमध्ये त्याची जखम होते.

साज चढवण्याचा क्रम ठरलेला आहे. आधी पाठीवरचं खोगीर, शेपटीखालून दुमची, पोटाखालून तंग, तोही एकदम आवळायचा नाही. मग छातीवरचा पट्टा आणि त्याला जोडलेले जोत. मग कडियाळ तोंडात. घोड्याच्या पुढच्या दातांच्या आणि दाढांच्या मध्ये हिरडीची मोकळी जागा असते, कडियाळ तिथे टेकतं. थंडीच्या दिवसांत मामू लोखंड आधी तळहातात धरून कोमट करतात. डोळ्यांना ढापणं लावायची, कारण डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे घोड्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. अगदी नाकासमोरचा आणि शेपटीमागचा पट्टा तेवढा दिसत नाही. मागून फिरणारं चाक त्याला अर्धवट दिसत राहिलं तर तो त्याला पाठलाग करणारं जनावर समजतो.

सगळ्यात शेवटी गाडी येते. घोड्याला मागे सारत दांड्यांमध्ये घालायचं नाही. दांड्या उंच उचलून गाडीच पुढे घोड्यापाशी आणायची, म्हणजे त्याचा पाय दांडीवर पडत नाही. तोवर एक माणूस घोड्याच्या तोंडाशी उभाच. सोडतानाचा क्रम बरोबर उलटा. गाडी सुटल्याशिवाय तोंडातलं कडियाळ काढायचं नाही, हा या पागेचा सर्वांत कडक नियम आहे. कारण कडियाळ आणि ढापणं काढलेला घोडा गाडीसकट उधळला तर त्याला थांबवायला माणसाच्या हातात काहीच उरत नाही.

टांगा दोन चाकांचा. त्यात वजन तोलणं ही स्वतंत्र विद्या आहे. मागे भार जास्त झाला की गाडी उलार होते, दांड्या वर उचलल्या जातात आणि पोटाखालचा पट्टा घोड्याला रुततो. पुढे भार जास्त झाला की सगळं ओझं पाठीवर बसतं. तोल बरोबर असेल तेव्हा दांड्या कातड्याच्या कड्यांत जेमतेम तरंगतात, दोन बोटांनी वर-खाली करता येतात. ज्यांनी टांग्यातून प्रवास केलाय त्यांना टांगेवाल्याचं ते "जरा पुढं सरका" आठवत असेल. ती सवारी नीट बसवण्याची तऱ्हा नव्हती, घोड्याची पाठ वाचवण्याची होती. मामू आजही गाडी निघण्याआधी खाली उतरून दांडीला हात लावून बघतात.

साध्या टांग्याला उतारावर भरवशाचा ब्रेक म्हणजे घोडाच. मागच्या मांड्यांभोवती फिरणारा पट्टा असतो, उतारावर गाडी पुढे लोटते तेव्हा घोडा त्या पट्ट्यावर बसकण देत भार रोखतो. म्हणून दौलताबादपुढे खुलताबादच्या घाटासारख्या रस्त्यावर चढापेक्षा उतार जास्त कठीण. चढावर घोडा दमतो, उतारावर त्याचे मागचे सांधे झिजतात.

स्वार घोड्याशी मांड्यांनी आणि शरीराच्या वजनाने बोलतो. टांगेवाल्याकडे तीनच साधनं असतात. आवाज, लगाम आणि चाबूक. स्वाराचा पाय जिथे स्पर्श करतो तिथे टांगेवाला चाबकाचं टोक नुसतं टेकवतो. ते मारण्यासाठी नसतं. लगाम दोन मीटरहून लांब, त्यामुळे हाताची छोटीशी चूक तोंडापर्यंत जाईतो मोठी होते. नव्या पोराची पहिली खोड म्हणजे घाबरला की ओढणं. ओढलं की घोडा मान ताठ करतो आणि कडियाळावर भार देऊन आणखी जोरात निघतो. इथे पोरांना मूठ मिटायला आणि लगेच सैल सोडायला शिकवतात. घोड्याने ऐकलं त्याच क्षणी दोर सैल झाला पाहिजे. ऐकल्याचं फळ त्याला त्या सैल होण्यात मिळतं.

कोवळ्या घोड्याचं शिक्षण मी इथे बघितलं ते असं. तीन वर्षांच्या आत गाडीला हात नाही. आधी साज घालून माणसाने मागून लांब दोरांनी पायी चालवायचं. डावीकडे, उजवीकडे, चल, थांब. मग जुना टायर दोराने मागे बांधून ओढायला लावायचा, म्हणजे मागून येणाऱ्या खरखरीची सवय होते. दोर पटकन सोडता येईल अशीच गाठ. मग खडखडा, म्हणजे वर टप नसलेली सांगाड्याची गाडी. बँडचा आवाज त्याला चंदी खाताना ऐकवतात, आधी लांबून आणि हळू. या सगळ्यात सर्वांत जास्त वेळ जातो तो नुसतं उभं राहायला शिकवण्यात. आधी दोन श्वास, मग दहा, मग बाजूने मोटारसायकल जाईतो. घोडा हलला तर ओरडायचं नाही, त्याच जागी परत आणायचं. कारखान्यातला तरुण हे काम करतो तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. रात्रपाळी करून आलेला माणूस एका शिंगराच्या शेजारी काहीही न करता उभा राहतो, आणि त्यालाच तो काम म्हणतो. ते खरोखरच काम आहे.

परत आल्यावर घोडा लगेच बांधून ठेवत नाहीत. श्वास खाली येईपर्यंत हाताने चालवतात. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं आणि त्याला ओकता येत नाही. एकदम भरपेट चंदी घातली तर पोटशूळ उठून जीव जाऊ शकतो. म्हणून भिजवलेला हरभरा थोडा थोडा, कडबा सतत, आणि पाणी भरपूर. काम नसलेल्या दिवशी चंदी कमी करतात. लग्नाच्या तिथी वर्षातून मोजक्या, पोट मात्र रोजचं. बग्गीचा धंदा करणाऱ्याचं सगळं गणित या एका वाक्यात येतं.

पशुगणनेचे आकडे या गणिताचा निकाल सांगतात. २०१२ मध्ये देशात घोडे आणि तट्टू मिळून सव्वासहा लाखांच्या आसपास होते. २०१९ मध्ये ते सुमारे ३ लाख ४० हजारांवर आले. मुंबईच्या व्हिक्टोरिया बंद झाल्या त्या कोर्टाच्या आदेशाने. जून २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हौसेच्या सफरीसाठी घोडागाड्या चालवणं बेकायदा ठरवलं आणि गाड्या बंद करायला वर्षाची मुदत दिली. घोड्यांच्या तबेल्यांची आणि देखभालीची दैना हा त्या प्रकरणातला गाभ्याचा मुद्दा होता. तो मुद्दा खरा होता, हे घोड्यावर प्रेम करणाऱ्यांनी आधी मान्य करायला हवं.

नियम आपल्याकडे आहेत. ओझ्याच्या जनावरांबाबतचे १९६५ चे केंद्रीय नियम सांगतात की जनावराला दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपू नये. पारा ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी बारा ते तीन अजिबात जुंपू नये. गाडीत हाकणारा आणि सहा वर्षांखालची मुलं सोडून चारच माणसं असावीत. मराठवाड्याचा मे महिना ज्यांना ठाऊक आहे त्यांना यातला दुपारचा नियम किती मोलाचा ते सांगायला नको. हा कागद पडेगावच्या पागेत भिंतीवर लावलेला नाही, पण मामू उन्हाळ्यात दुपारची वरात घेत नाहीत.

घोडागाडीच्या शर्यती महाराष्ट्रात होतात आणि त्यांना गर्दीही लोटते. तिथे मोजला जातो फक्त वेग, अनेकदा डांबरावर, मोटारसायकलींच्या गराड्यात. वर सांगितलेल्या विद्येतलं तिथे काहीच मोजलं जात नाही. जगात घोडागाडीच्या स्पर्धांची वेगळी रीत आहे. १९७० च्या सुमारास आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाचे अध्यक्ष प्रिन्स फिलिप यांच्या पुढाकाराने तिचे नियम बनले. तीन कसोट्या असतात. पहिलीत चालीची शिस्त आणि हुकूम पाळणं. दुसरीत लांब पल्ला आणि अवघड अडथळे, ज्यात पशुवैद्य घोड्याची तपासणी करतात. तिसरीत शंकूंच्या जोड्यांमधून गाडी काढायची. शंकूवर चेंडू ठेवलेला असतो आणि चाकाचा धक्का लागून तो पडला की गुण जातात. पहिल्या आणि तिसऱ्या कसोटीत पडेगावचे हे हात कुठल्याही परीक्षकासमोर उभे राहू शकतील असं मला मनापासून वाटतं.

सारंगखेड्याच्या यात्रेत, माळेगावच्या खंडोबाला, येवल्याच्या बाजारात घोडा विकत घेताना माणसं अंगावरचे भोवरे बघतात, पंचकल्याणी आहे का बघतात, नुकऱ्या रंगावर भुलतात. भीमथडी तट्टाला आता देशी जात म्हणून नोंद मिळाली आहे, ही आनंदाची गोष्ट आहे. पण जात टिकवायची तर तिला काम हवं, आणि ते काम नीट करून घेणारा माणूस हवा. ती माणसं अशा पागांमध्येच तयार होतात.

म्हणून पडेगावच्या या मंडळींनी फलक लावावा, असा माझा आग्रह आहे. वर्षातून एकदा मोकळ्या मातीच्या मैदानावर मेळावा भरवावा. आत येणाऱ्या प्रत्येक घोड्याची रक्ततपासणी झालेली असावी, कारण ग्लँडर्ससारखा रोग माणसालाही होतो. स्पर्धा ठेवाव्यात तोल साधण्याच्या, अरुंद वाटेतून गाडी काढण्याच्या, बँडच्या आवाजात उभं राहण्याच्या. बक्षिसात नालबंदाचा वाटा असावा. आणि निकाल त्याच संध्याकाळी टाळ्यांमध्ये लावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येक घोड्याचे चारही खूर हातांनी चाचपून, त्याला चालवून बघून, मगच पहिला नंबर जाहीर करावा.