लॅपटॉपचा पडदा आणि डोळ्यांची चाळिशी

आमच्या उरण तालुक्यात पूर्वी डोळ्यांच्या तक्रारी घेऊन येणारी माणसे मुख्यतः दोन प्रकारची असत. एक, शेतावर, मिठागरावर आणि होडीवर उन्हावाऱ्यात राबणारी, डोळे लाल, चिपडलेले, कोपऱ्यात मांस वाढलेले. दुसरी, मोतीबिंदू पिकत आलेली म्हातारी माणसे. २६ मे १९८९ रोजी न्हावा शेवा येथे बंदर सुरू झाले आणि हळूहळू तिसरा प्रकार आला. ज्यांच्या वडिलांनी चिखलात उभे राहून भात लावला, ती मुले खुर्चीवर बसून कागद आणि पुढे संगणक सांभाळू लागली. बंदराचे नाव कागदोपत्री बदलत गेले, तरी गावात अजून ‘जेएनपीटीत कामाला’ असेच म्हणतात, मग तो माणूस प्रत्यक्षात द्रोणागिरीतल्या कंटेनर यार्डात असो की एखाद्या सीएचएच्या कचेरीत.

असेच एक गृहस्थ पावसाळ्याच्या तोंडावर माझ्याकडे आले. वय ४७. न्हाव्याकडचे. वीस वर्षे एका कचेरीत बिल ऑफ एंट्री आणि शिपिंग बिले भरण्याचे काम. खिशातून त्यांनी दोन चष्मे काढून टेबलावर ठेवले, तिसरा नाकावर होता.

“डॉक्टरसाहेब, सहा महिन्यांत दोनदा चष्मा बदलला. दुपारी तीननंतर कपाळ जड होतं, मान आखडते, अक्षरं पुसट होतात. नंबर थांबतच नाही माझा. आता हे काम जमायचं नाही असं वाटतं.”

मागच्या महिन्यात त्यांच्या हातून एका सीलच्या क्रमांकात ८ चा ३ झाला होता. दुरुस्तीसाठी अर्ज करावा लागला, कंटेनर एक दिवस अडकला आणि साहेबांनी चारचौघांत सुनावले. ज्यांना या धंद्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. कंटेनरच्या क्रमांकात चार इंग्रजी अक्षरे आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा हा ताळा पाहण्यासाठी असतो, आधीच्या दहा चिन्हांवरून तो हिशेबाने निघतो. त्यामुळे त्यात चूक झाली तर संगणक बहुधा पकडतो. सीलचा क्रमांक, वजन यांना असा ताळा नसतो. तेथे फक्त माणसाचा डोळा.

मी तपासले. दूरची नजर उत्तम. जवळचा नंबर अधिक पावणेदोन, वयाला साजेसा. डोळ्याचा दाब ठीक, पडदा स्वच्छ. दोन जुने चष्मे पाहिले तर त्यांच्या नंबरांत आणि आजच्या नंबरात पाव नंबराचाच फरक! म्हणजे नंबर पळत नव्हता. मग मी त्यांना, उद्या येताना लॅपटॉप घेऊन या, असे सांगितले. रुग्णाला लघवीची बाटली आणायला सांगावी तसे हे ऐकून ते जरा गोंधळले, पण दुसऱ्या दिवशी पिशवीत घालून घेऊन आले.

आता थोडे पडद्याविषयी. वाचकहो, हातातल्या या वर्तमानपत्रातील एखादे छायाचित्र भिंगाखाली धरून पाहा. ते बारीक ठिपक्यांचे बनलेले दिसेल. लॅपटॉपचा पडदाही असाच ठिपक्यांचा असतो. आडवे किती आणि उभे किती ठिपके, यालाच रिझोल्युशन म्हणतात. १३६६ गुणिले ७६८ म्हणजे आडव्या ओळीत १३६६ ठिपके आणि अशा ७६८ ओळी. १९२० गुणिले १०८० म्हणजे त्याहून बरेच जास्त. ठिपके जास्त असले की चित्र जास्त रेखीव, इथपर्यंत दुकानदार सांगतो ते खरे आहे. तो एक गोष्ट सांगत नाही. पडदा तेवढाच ठेवून ठिपके वाढवले की प्रत्येक ठिपका लहान होतो आणि अक्षर तितक्याच ठिपक्यांनी काढले तर अक्षरही लहान होते.

आमच्या गृहस्थांचा जुना लॅपटॉप साडेपंधरा इंची, १३६६ चा होता. त्यात एका सेंटिमीटरात साधारण ४० ठिपके मावत. नवीन मिळाला तो चौदा इंची, १९२० चा, सेंटिमीटरात सुमारे ६२ ठिपके. संगणकाच्या नेहमीच्या यादीतले मोठे इंग्रजी अक्षर जुन्यावर दोन मिलिमीटरहून थोडे उंच होते, ते नव्यावर दीड मिलिमीटरच्याही खाली आले. कचेरीतल्या एका हुशार मुलाने पूर्ण तक्ता एका पडद्यावर दिसावा म्हणून सगळे बारीक करून ठेवले होते. यांना दिसेना, तेव्हा दुसऱ्या हुशार मुलाने रिझोल्युशनच उतरवून १३६६ वर आणले. अक्षर मोठे झाले, पण पुसट झाले. त्या पुसटपणालाच हे नंबर वाढला समजत होते!

दुसऱ्या मुलाचे फार चुकले असे मी म्हणणार नाही. तो जुन्या सवयीचा बळी. १९९० च्या दशकात टेबलावर काचेचे ठोकळ्यासारखे मॉनिटर असत, ते आठवा. त्यांवर ६४० ठेवा की ८००, चित्र जवळपास सारखेच दिसे, कारण त्या काचेवर संगणकाच्या ठिपक्यांची जागा कायमची ठरलेली नसे. आजच्या चपट्या पडद्यावर प्रत्येक ठिपका कारखान्यातच बसवलेला असतो. १९२० च्या पडद्यावर १३६६ चे चित्र ताणायचे म्हणजे एका ठिपक्याच्या वाट्याला १.४ ठिपके येतात. ठिपका तर तोडता येत नाही. मग संगणक शेजारच्या ठिपक्यांत करडा रंग भरून वेळ मारून नेतो. अक्षराची कड मळते आणि ८ व ३ भाऊ भाऊ दिसू लागतात.

उपाय साधा आहे, पैसे पडत नाहीत. रिझोल्युशन पडद्याचे जे मूळचे असेल तेच ठेवायचे आणि अक्षर मोठे करायचे ते ‘स्केल’ने. विंडोज असेल तर पडद्याच्या मोकळ्या जागी माऊसचे उजवे बटण दाबून ‘डिस्प्ले सेटिंग्ज’ उघडा. ‘डिस्प्ले रिझोल्युशन’मध्ये ज्या आकड्यापुढे ‘रेकमेंडेड’ लिहिलेले असेल तो निवडा. मग त्याच्या वरच ‘स्केल’ आहे, तेथे १००, १२५, १५०, १७५ टक्के असे आकडे दिसतील. स्केल वाढवला की ठिपके तेवढेच राहतात, पण एकेक अक्षर काढायला जास्त ठिपके वापरले जातात. अक्षर मोठेही होते आणि रेखीवही राहते. स्केलपुढेही एका आकड्याला ‘रेकमेंडेड’ म्हटलेले असते, ते मात्र वेदवाक्य मानू नका. ते पडदा पाहून ठरवलेले आहे, तुमचे वय पाहून नव्हे.

किती मोठे करावे? पट्टी घ्या. पडदा डोळ्यांपासून हातभर, म्हणजे ५० ते ६० सेंटिमीटरवर ठेवा. जे दिवसभर वाचायचे त्यातले मोठे इंग्रजी अक्षर किंवा आकडा अडीच ते तीन मिलिमीटर उंच भरला पाहिजे. मराठीला यापेक्षा थोडे जास्तच लागते, कारण आपल्या लिपीत शिरोरेखेच्या वर अनुस्वार, रफार, वेलांट्या आणि खाली उकार. चिमुकल्या अक्षरात ‘कि’ आणि ‘की’ ओळखण्यासाठीच अर्धा जीव जातो. पट्टी नको असेल तर दुसरी परीक्षा. नेहमी जेथे बसता त्याच्या तिप्पट अंतरावर, दीड-पावणेदोन मीटरवर, दूरचा चष्मा लावून उभे राहा. तेथून अक्षर कसेबसे वाचता आले तर बसल्या जागी ते आरामाचे आहे.

तिप्पट कशाला, असे एका शिक्षकांनी मला विचारले होते. निरोगी डोळा ५० सेंटिमीटरवरून पाऊण मिलिमीटरचे अक्षरही ओळखतो, हे खरे. पण ओळखणे वेगळे आणि आठ तास वाचणे वेगळे. हमाल शंभर किलोचे पोते एकदा उचलेल. दिवसभर तेच उचलायला लावले तर संध्याकाळी त्याची कंबर बोलते.

बारीक अक्षराने डोळा बिघडत नाही, हे येथे स्पष्ट सांगितले पाहिजे. मोठ्या माणसाच्या डोळ्याला पडद्यामुळे कायमची इजा होते अशी भीती घेऊन पुष्कळ जण येतात. इजा नाही, थकवा आहे. अक्षर दिसेना की माणूस नकळत पुढे वाकतो. ६० सेंटिमीटरवरचा पडदा ३५ वर आला की डोळ्यातील भिंग फुगवणाऱ्या स्नायूचे काम सुमारे पावणेदोन पट होते. विशीतला मुलगा ते हसत करतो. चाळिशीनंतर भिंगच कडक होत जाते, तेथे हा स्नायू किती ओढणार? त्यात वाकलेली मान. शिवाय टक लावून पाहताना पापण्या मिटणे कमी होते. एरवी मिनिटाला साधारण पंधरा वेळा मिटणारी पापणी पडद्यापुढे निम्म्यावर किंवा त्याखाली येते. आपल्याकडच्या कंटेनरवजा केबिनमध्ये एसीचा झोत बरोबर तोंडावर असतो, बाहेर ट्रेलरची धूळ. डोळे कोरडे पडतात, चुरचुरतात आणि अक्षर पुसटते. पापणी मुद्दाम पूर्ण मिटली की क्षणभर स्वच्छ दिसते, हीच कोरडेपणाची खूण. झोताची दिशा बदला. आणि मेडिकलमधून लाली घालवणारे थेंब स्वतःच्या मनाने आणून महिनोन्महिने घालू नका.

आता चष्म्याचे. आमच्या गृहस्थांकडे बायफोकल होता. वरची काच दूरची, खालची पुस्तक वाचण्याची, ३५-४० सेंटिमीटरची. लॅपटॉप मधल्या अंतरावर, तो ना वरच्या काचेत नीट दिसे ना खालच्या. मग हनुवटी वर करून, नाक पुढे काढून खालच्या काचेतून पाहायचे. मान आखडेल नाही तर काय होईल! मी त्यांना फक्त कचेरीत वापरण्यासाठी वेगळा एकेरी चष्मा दिला, अधिक एकचा. चष्मा करायला जाताना पडदा किती अंतरावर असतो ते सुतळीने मोजून डॉक्टरांना सांगा. हा आकडा रुग्ण सांगत नाही आणि आम्ही गर्दीत विचारत नाही, हा दोष आमचाही आहे. निळसर झाक असलेल्या ‘ब्लू कट’ काचांसाठी त्यांनी दोन्ही चष्म्यांना जादा पैसे मोजले होते. कॉक्रेन या नामांकित संस्थेने २०२३ साली सतरा चाचण्या एकत्र तपासून, या काचांनी डोळ्यांचा थकवा थोड्या काळात कमी होत असल्याचे दिसत नाही, असा निष्कर्ष काढला. ते पैसे दुसरीकडे लागले असते.

पडद्याचा उजेड किती असावा, याला यंत्र नको. पडद्याशेजारी कोरा कागद धरा. पडदा कागदापेक्षा दिव्यासारखा झळकत असेल तर कमी करा, मळका दिसत असेल तर वाढवा. खिडकी पाठीमागे किंवा समोर नको, बाजूला असावी.

मात्र एक सावधगिरी. सगळे खापर पडद्यावर फोडू नये. त्याच सुमारास एक बावन्न वर्षांच्या बाई आल्या होत्या, यार्डाच्या कचेरीत नोंदी करणाऱ्या. ‘लॅपटॉप अंधूक झालाय, नवीन मागितलाय’ म्हणून तीन महिने वाट पाहत होत्या. स्केल दोनशे टक्क्यांवर नेऊनही ओळी वाकड्या दिसत. मी एकेक डोळा झाकून पाहायला सांगितले. उजव्याने ठीक, डाव्याने मधले अक्षरच गायब. मधुमेह अकरा वर्षांचा आणि डोळ्याचा पडदा एकदाही तपासलेला नव्हता. त्या डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती. इंजेक्शनांनी सूज उतरली, नजर पूर्वीइतकी मात्र आली नाही. तेव्हा आज घरी गेल्यावर एकेक डोळा झाकून हा मजकूर वाचून पाहा. दोन डोळ्यांत फरक वाटला, ओळ वाकडी दिसली, दिव्याभोवती रंगीत वलय दिसले, डोळा दुखून लाल झाला किंवा अचानक ठिणग्या दिसल्या, तर सेटिंग्ज बदलत बसू नका, तपासून घ्या. मधुमेही माणसाने वर्षातून एकदा डोळ्याचा पडदा दाखवावाच, दिसत असो वा नसो.

नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांनी काय पाहावे, असे विचारतात. माझ्या मते दिवसभर लिहा-वाचायचे असेल तर साडेपंधरा इंचावर १९२० गुणिले १०८० आणि स्केल १२५ ते १५० टक्के, हे पुरेसे आहे. त्याहून महाग, जास्त ठिपक्यांचा पडदा डोळ्यांसाठी म्हणून घेण्याची गरज नाही. चकचकीत पडद्यापेक्षा मॅट बरा, त्यात पाठीमागची ट्यूबलाईट दिसत नाही. अडचण येते ती जुन्या प्रणालींची. कचेऱ्यांत काही सॉफ्टवेअर इतके जुने असते की स्केल वाढवला की त्याचे अक्षर फुगते पण पुसट होते, किंवा बटणे पडद्याबाहेर जातात. तेथे खरा उपाय चोवीस इंची वेगळा मॉनिटर. १९२० चेच ठिपके मोठ्या जागेत पसरतात, सेंटिमीटरात ३६ येतात आणि स्केल शंभर टक्के ठेवूनही अक्षर सव्वादोन मिलिमीटरच्या पुढे जाते. शिवाय पडदा डोळ्यांसमोर येतो, मान वाकत नाही.

आमच्या गृहस्थांच्या साहेबांनी आधी मॉनिटरला नकार दिला. मग यांनी त्या अडकलेल्या कंटेनरचा खर्च कागदावर मांडून दाखवला. मॉनिटर आला. दोघांत मिळून एक, पण आला. परवा ते बायकोला घेऊन दवाखान्यात आले होते. तिला सुईत दोरा ओवता येईना. तिची चाळिशी मात्र खरीच निघाली.