श्वसनविषाक्तता परीक्षण

एखादा वायू, बाष्प किंवा हवेतील सूक्ष्म कण श्वासावाटे शरीरात गेल्यास किती प्रमाणात व किती वेळात अपाय करतात, हे प्रायोगिक प्राण्यांवर नियंत्रित परिस्थितीत ठरविण्याच्या पद्धतीस श्वसनविषाक्तता परीक्षण म्हणतात. तोंडावाटे दिलेल्या विषाची मात्रा वजन करून सांगता येते. श्वासावाटे जाणाऱ्या विषाची मात्रा मात्र हवेतील त्याची संहती (ठराविक घनफळातील प्रमाण), संपर्काचा काळ आणि श्वसनाचा वेग या तिन्हींवर अवलंबून असते. त्यामुळे ‘विषारी’ किंवा ‘निर्धोक’ एवढे वर्णन पुरेसे होत नाही. किती संहती, किती वेळ आणि कोणता प्राणी, हे सांगितल्याशिवाय परीक्षणातून मिळालेल्या आकड्याला अर्थ राहत नाही. वायूची संहती सामान्यतः हवेच्या दशलक्ष भागांत वायूचे किती भाग, अशी घनफळानुसार देतात.

इतिहास : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जॉन स्कॉट हॉल्डेन या ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिकांनी कोळशाच्या खाणींतील कार्बन मोनॉक्साइडाची सूचना मिळावी म्हणून खाणीत लहान प्राणी नेण्याची शिफारस केली. लहान प्राण्याचा श्वसनाचा वेग त्याच्या वजनाच्या मानाने पुष्कळ जास्त असल्याने विषबाधेची लक्षणे त्याच्यात माणसाच्या आधी दिसतात. या कामासाठी कॅनरी पक्षी वापरण्याची प्रथा पडली. ब्रिटनमधील खाणींतून ते हटविण्याचा निर्णय १९८६ मध्ये झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रिट्स हाबर या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी संहती व काळ यांचा गुणाकार समान असल्यास परिणामही समान होतो, असा नियम मांडला. तो सोपा असला, तरी सर्व वायूंना सारखा लागू पडत नाही. १९२७ मध्ये जे. डब्ल्यू. ट्रेव्हन यांनी प्रयोगातील निम्मे प्राणी दगावतील ती मात्रा हे विषाक्ततेचे माप म्हणून सुचविले. तेच माप वायूंच्या बाबतीत ‘अर्धमारक संहती’ या नावाने वापरतात. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेने १९८१ मध्ये या परीक्षणाची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २००९ मध्ये ती सुधारली.

पद्धत : परीक्षणासाठी ‘रॅट’ जातीचे, प्रयोगशाळेत वाढविलेले मोठे पांढरे उंदीर प्राधान्याने वापरतात. कक्ष दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात प्राण्याचे सर्व शरीर वायुमिश्रित हवेत असते. दुसऱ्यात प्राणी नळीत ठेवून त्याचे केवळ नाक हवेच्या प्रवाहात येईल अशी योजना असते. कक्षातील हवा सतत वाहती ठेवतात. तापमान सु. २२° से., सापेक्ष आर्द्रता ३० ते ७० टक्के आणि ऑक्सिजन किमान १९ टक्के राखावा लागतो, कारण एरवी प्राणी विषाने दगावला की गुदमरून, हे कळणार नाही. वायू बाहेर झिरपून काम करणाऱ्यांना अपाय होऊ नये म्हणून सर्व शरीर सामावणाऱ्या कक्षातील दाब बाहेरच्यापेक्षा किंचित कमी ठेवतात. किती वायू सोडला यावर विसंबून न राहता प्राणी जेथे श्वास घेतो तेथील संहती प्रत्यक्ष मोजतात. तीव्र विषाक्ततेच्या परीक्षणात संपर्क बहुधा ४ तासांचा असतो व त्यानंतर १४ दिवस निरीक्षण चालते. फॉस्जीनासारख्या वायूंनी फुप्फुसात पाणी साठण्याची क्रिया काही तासांनी प्रकट होत असल्याने ही प्रतीक्षा आवश्यक ठरते. शेवटी शवविच्छेदन करून फुप्फुसे, यकृत, वृक्क (मूत्रपिंड) इ. अवयव तपासतात. दीर्घकालीन परिणामांसाठी २८ किंवा ९० दिवस, तर कर्करोगाच्या तपासणीसाठी सु. दोन वर्षे संपर्क देतात.

फळे पिकविण्याचे वायू : या परीक्षणाचे व्यावहारिक महत्त्व केळीच्या व्यापारावरून चांगले कळते. जळगाव जिल्ह्यातील रावेर व यावल या तालुक्यांतील केळी हिरवी असतानाच कापून दूरच्या बाजारपेठांत पाठवितात आणि तेथे बंद खोल्यांत पिकवितात. पूर्वी यासाठी धुरी देत; धुरातील एथिलीन वायूने फळ पिकते, परंतु त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइडही येतो. पुढे कॅल्शियम कार्बाइड वापरात आले. त्याला ओल लागली की ॲसिटिलीन वायू सुटतो. ॲसिटिलीन स्वतः फारसा विषारी नाही, मात्र तो ज्वालाग्राही आहे. खरा धोका व्यापारी कार्बाइडातील अशुद्ध द्रव्यांपासून निर्माण होणाऱ्या फॉस्फीन व आर्सीन या वायूंचा असतो.

फॉस्फीन कोशिकांमधील ऑक्सिजन वापरण्याच्या क्रियेत अडथळा आणतो, तर आर्सीन रक्तातील तांबड्या कोशिका फोडतो. १९७५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत उंदरांसाठी फॉस्फिनाची ४ तासांची अर्धमारक संहती दशलक्ष भागांत सु. ११ भाग आढळली. धान्याच्या गोदामांत कीड मारण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडाच्या गोळ्यांतूनही हाच वायू सुटतो. अमेरिकेतील कामगार सुरक्षा नियमांत ८ तासांच्या कामासाठी त्याची मर्यादा ०.३ भाग ठरविलेली आहे, म्हणजे मारक आकड्याच्या सु. छत्तिसाव्या हिश्श्याइतकी. शुद्ध फॉस्फीन जवळजवळ गंधहीन असल्याने वास आला नाही म्हणजे हवा निर्धोक आहे, असे समजणे चुकीचे ठरते.

एथिलिनाचे चित्र वेगळे आहे. शरीरात त्याचा अल्पांश एथिलीन ऑक्साइड या कर्कजनक द्रव्यात बदलतो. यामुळे तोही कर्कजनक असावा अशी शंका होती. परंतु १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात दशलक्ष भागांत ३,००० भागांपर्यंतच्या संहतीत दोन वर्षे ठेवलेल्या उंदरांत अर्बुदांचे (गाठींचे) प्रमाण वाढलेले आढळले नाही. भारतात कार्बाइडाच्या वायूने फळे पिकविण्यास अन्न सुरक्षेविषयीच्या २०११ च्या विनियमांनी मनाई आहे. एथिलिनास मात्र १०० भागांपर्यंत २०१६ पासून परवानगी आहे. एकाच कामासाठी वापरल्या जाणाऱ्या दोन वायूंच्या सुरक्षिततेतील हा फरक नाकाने किंवा अनुभवाने ओळखता येण्यासारखा नाही. तो मोजूनच कळतो.

भोपाळची दुर्घटना : २ व ३ डिसेंबर १९८४ च्या दरम्यानच्या रात्री भोपाळ येथे सु. ४० टन मिथिल आयसोसायनेट हवेत पसरले आणि हजारो माणसे दगावली. या द्रव्याच्या विषाक्ततेवरील जर्मन अभ्यास १९६४ मध्येच प्रसिद्ध झाला होता आणि कामाच्या जागेसाठी ०.०२ भाग ही अत्यल्प मर्यादाही सुचविलेली होती. तथापि दीर्घकालीन परिणामांची माहिती जवळजवळ नव्हती. ती मिळविण्याचे प्रयोग दुर्घटनेनंतर झाले. ६ तासांच्या संपर्कात अर्धमारक संहती मोठ्या उंदरांसाठी ६.१, लहान उंदरांसाठी १२.२ व गिनीपिगांसाठी ५.४ भाग आढळली. वाचलेल्या उंदरांच्या श्वासनलिकांत तंतुमय ऊतक वाढल्याचे दिसले, तर गाभण माद्यांमध्ये गर्भहानी झाली. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेतही या वायूचे परिणाम उंदरांवर अभ्यासण्यात आले. जे प्राण्यांत आधी पाहावयाचे, ते भोपाळमध्ये माणसांत आधी पाहावे लागले. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात दुरुस्ती करून विषारी द्रव्यांच्या कमाल मर्यादांची अनुसूची जोडण्यात आली.

मर्यादा व नैतिक प्रश्न : उंदीर केवळ नाकाने श्वास घेतो आणि त्याच्या नाकाची अंतर्रचना गुंतागुंतीची असते. त्यामुळे अमोनियासारखे पाण्यात विरघळणारे वायू तेथेच अडतात. माणूस तोंडानेही श्वास घेतो व श्रम करताना अधिक हवा ओढतो. यास्तव प्राण्यांवरील आकडा जसाच्या तसा माणसाला लावीत नाहीत; प्राण्याला अपाय न करणाऱ्या संहतीला सुरक्षा-गुणांकाने भागून मर्यादा काढतात.

या परीक्षणात प्राण्यांना होणाऱ्या यातना हाही गंभीर प्रश्न आहे. १९५९ मध्ये डब्ल्यू. एम. एस. रसेल व आर. एल. बर्च यांनी पर्याय शोधणे, प्राण्यांची संख्या घटविणे व यातना कमी करणे ही तीन सूत्रे मांडली. भारतात प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियम, १९६० व त्याखालील १९९८ च्या नियमांनुसार अशा प्रयोगांवर देखरेख ठेवली जाते. २०१७ मध्ये मान्य झालेल्या ‘निश्चित संहती’ पद्धतीत मृत्यूऐवजी विषबाधेची स्पष्ट लक्षणे हा निकष मानतात व प्राणीही कमी लागतात. प्रयोगपात्रात वाढविलेल्या फुप्फुसकोशिकांवरील परीक्षणेही विकसित होत आहेत.

परीक्षणातून मिळालेली मर्यादा हे संरक्षणाचे साधन आहे, स्वतः संरक्षण नव्हे. फळे पिकविण्याच्या खोलीत किंवा धान्याच्या गोदामात वायुवीजन, वायुमापक आणि श्वसनरक्षक मुखवटा यांची सोय नसेल, तर तेथे शिरणाऱ्या मजुराला त्या आकड्याचा काही उपयोग होत नाही आणि तो मिळविण्यासाठी खर्ची पडलेल्या प्राण्यांचे बलिदानही व्यर्थ जाते.